'रीसेट'ची पूर्वस्थिती : बिघडलेल्या टॅब्लेटसंबंधी एक अर्थविवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

बोलींच्या क्षेत्रीय अभ्यासात टॅब्लेट संगणकाचा वापर आता रूढ झाला आहे. निवेदकाचे बोलणे ध्वनिमुद्रित करणे, शब्दसूचीतील वस्तूंची चित्रे त्याला दाखविणे आणि मिळालेली उत्तरे जागच्या जागी टिपून घेणे, या तीन कामांसाठी पूर्वी तीन निरनिराळी साधने लागत. ती आज एकाच साधनाने होतात. सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु तिच्यामागोमाग एक अडचणही आली आहे. पूर्वी ध्वनिमुद्रक बिघडला तरी वही हाताशी राहत असे. टॅब्लेट बिघडला म्हणजे मुद्रण, चित्रे व टिपणे ही तिन्ही एकदम अडतात. आणि असा टॅब्लेट घेऊन अभ्यासक कोणाकडेही गेला, तरी त्याला बहुधा एकच सल्ला मिळतो : 'रीसेट करून पाहा.'

हा सल्ला खोटा नव्हे. तो अपुरा आहे. 'रीसेट' या एका शब्दाखाली व्यवहारात निदान चार भिन्न क्रिया वावरतात. त्यांपैकी पहिलीने साठविलेल्या मजकुराला धक्का लागत नाही. चौथीने तो समूळ नाहीसा होतो. सल्ला देणाऱ्याच्या मनात पहिली क्रिया असावी आणि ऐकणाऱ्याने चौथी करावी, असा प्रकार घडण्यास संज्ञेची संदिग्धता पुरेशी आहे. आणि त्याची किंमत महिनोन्‌महिने जमविलेल्या भाषिक सामग्रीच्या रूपाने मोजावी लागते. प्रस्तुत लेखात या चार क्रियांमधील भेद स्पष्ट करून, त्या कोणत्या क्रमाने व कोणती दक्षता घेऊन कराव्यात, याचे विवेचन केले आहे.

२. 'पुन्हा' आणि 'परत'

इंग्रजीतील 'री' हा उपसर्ग दोन अर्थांनी योजला जातो : क्रियेची आवृत्ती आणि पूर्वस्थितीकडे प्रत्यावर्तन. मराठीत हे दोन्ही अर्थ 'परत' या एका शब्दात आढळतात. 'त्याने पत्र परत लिहिले' येथे लिहिण्याच्या क्रियेची आवृत्ती आहे. 'त्याने पुस्तक परत दिले' येथे पुस्तक मूळ स्थानी गेले आहे. 'तिने दार पुन्हा बंद केले' हे वाक्य तर दोन्ही अर्थांनी घेता येते. तिने ते आधी एकदा बंद केले होते व आता दुसऱ्यांदा केले, हा एक अर्थ. दार मुळात बंदच होते, वाऱ्याने उघडले आणि तिने ते पूर्ववत केले, हा दुसरा. दुसऱ्या अर्थी तिची क्रिया पहिलीच असते. परत येते ती दाराची स्थिती.

'रीसेट' ही संज्ञा या दुसऱ्या जातीची आहे. म्हणून ती जेथे जेथे वापरली जाते तेथे दोन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. ज्या स्थितीकडे परतावयाचे ती पूर्वस्थिती कोणती? आणि त्या स्थितीपर्यंत मागे जाताना मधल्या काळात जमलेले काय काय टाकून द्यावे लागणार?

संज्ञेच्या जन्मस्थानी हे प्रश्न उद्भवत नव्हते. इंग्लंडमध्ये एक्लिस व जॉर्डन यांनी १९१८ मध्ये ज्या विद्युन्मंडलाची रचना मांडली, त्याच्या स्थिर अवस्था दोनच होत्या. अशा मंडलाला एका अवस्थेत नेणे म्हणजे 'सेट' व दुसरीत आणणे म्हणजे 'रीसेट', असा प्रघात पुढे पडला. दोनच अवस्था असल्यामुळे पूर्वस्थिती कोणती, याविषयी संदेह राहत नसे. टॅब्लेटची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या ठिकाणी पूर्वस्थिती अनेक आहेत : आज सकाळची, यंत्र प्रथम हाती आले त्या दिवसाची, किंवा कारखान्यातून बाहेर पडले त्या क्षणाची. शब्द मात्र एकच राहिला.

३. यंत्रातील चार थर

टॅब्लेटमध्ये असलेली माहिती स्थूलमानाने चार थरांत विभागता येते. पहिला थर कार्यस्मृतीचा. चालू असलेल्या कामांची तात्पुरती मांडणी येथे असते आणि वीज खंडित होताच ती पुसली जाते. उरलेले तीन थर कायम साठवणीत असतात व यंत्र बंद केले तरी टिकतात. त्यांपैकी दुसरा थर सेटिंग्जचा : वाय-फायचे जाळे, पडद्याची उजळता, कळफलकाची निवड, अ‍ॅपांना दिलेल्या परवानग्या इत्यादी. तिसरा थर वापरणाऱ्याच्या सामग्रीचा : ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे, टिपणे आणि नंतर घेतलेली अ‍ॅपे. चौथा थर यंत्राच्या कार्यप्रणालीचा. आयपॅडमध्ये आयपॅडओएस आणि इतर बहुतेक टॅब्लेटांत अँड्रॉइड. नित्याच्या वापरात या चौथ्या थरात वापरणाऱ्याला काही लिहिता येत नाही.

'रीसेट'च्या चार क्रिया म्हणजे या थरांपैकी कोणता थर पुसावयाचा, याविषयीचे चार निर्णय होत.

४. साधा व सक्तीचा पुनरारंभ

पहिली क्रिया म्हणजे यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे. हिने केवळ कार्यस्मृती रिकामी होते. एखादे अ‍ॅप घेतलेली जागा सोडीत नाही, दोन कामे एकमेकांची वाट पाहत अडून बसतात, अशी अवस्था पुष्कळ दिवस सतत चालणाऱ्या यंत्रात निर्माण होते. आणि तिचे मूळ कार्यस्मृतीत असल्याने ती पुनरारंभाने नाहीशी होते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाजूचे बटण क्षणभर दाबल्याने केवळ पडदा मालवतो; यंत्र बंद होत नाही. रोज रात्री टॅब्लेट 'बंद' करणाऱ्या अभ्यासकाचे यंत्र वस्तुतः कित्येक आठवडे अखंड चालू असते.

पडदा स्पर्शाला दाद देत नसेल तर दुसरी क्रिया, म्हणजे सक्तीचा पुनरारंभ, करावी लागते. गोल होम बटण असलेल्या आयपॅडवर ते बटण व वरचे बटण ही दोन्ही एकदम, अ‍ॅपलचे चिन्ह दिसेपर्यंत, दाबून धरतात. होम बटण नसलेल्या आयपॅडवर वरच्या बटणाच्या जवळचे आवाजाचे बटण दाबून लगेच सोडावयाचे, मग दूरचे तसेच दाबून सोडावयाचे आणि त्यानंतर वरचे बटण चिन्ह दिसेपर्यंत दाबून धरावयाचे. सॅमसंगच्या टॅब्लेटांवर बाजूचे बटण व आवाज कमी करण्याचे बटण ही सात सेकंदांहून अधिक काळ एकत्र दाबतात. यंत्र काहीच प्रतिसाद देत नसेल, तर ते प्रथम अर्धा-एक तास चार्जरला लावावे व चार्जर आणि वायर बदलून पाहावी. पूर्ण उतरलेली बॅटरी आणि बिघडलेले यंत्र यांत बाहेरून भेद दिसत नाही.

या दोन्ही क्रियांनी साठविलेली सामग्री जात नाही. तथापि सक्तीच्या पुनरारंभाच्या वेळी ध्वनिमुद्रण चालू असेल तर ते धोक्यात येते. ध्वनिफाइलची एकूण लांबी व अंतर्गत रचना यांची नोंद बहुधा मुद्रण थांबविताना पुरी होते. मध्येच वीज तोडली तर ध्वनी साठवणीत असूनही फाइल उघडत नाही, असे घडते. अशी फाइल निकामी समजून टाकू नये. नोंद दुरुस्त करणाऱ्या साधनांनी ती पुष्कळदा उघडता येते.

५. मधली पायरी : कारणाचा शोध

पुनरारंभाने दोष गेला नाही म्हणजे संपूर्ण पुसणे हाच उपाय उरतो, असे मानण्याची चूक सर्रास होते. मधल्या पायऱ्या बऱ्याच आहेत.

सर्वांत प्रथम साठवण किती रिकामी आहे ते पाहावे. जागा भरत आली म्हणजे यंत्र मंदावते, अ‍ॅपे अकस्मात मिटतात. ध्वनिविश्लेषणासाठी प्रतिसेकंद ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा आणि दोन मार्गिका अशी बिनसंक्षेपाची मुद्रणे केली, तर प्रत्येक सेकंदाला २,८८,००० बाइट व प्रत्येक तासाला सुमारे १ जीबी इतकी जागा लागते. ३२ जीबीच्या टॅब्लेटमध्ये कार्यप्रणालीने घेतलेला भाग वजा जाता, वीस-बावीस तासांच्या मुद्रणाने तो तुडुंब भरतो. अशा यंत्राला बिघाड नसतोच; त्याला केवळ जागा हवी असते.

एखाद्या अ‍ॅपाचा संशय असल्यास अँड्रॉइडमधील 'सेफ मोड' उपयोगी पडतो. बऱ्याच यंत्रांत बंद करण्याच्या पर्यायावर बोट दाबून धरले असता तो सुचविला जातो. या अवस्थेत वापरणाऱ्याने घेतलेली अ‍ॅपे चालत नाहीत. यंत्र तेवढ्यापुरते सुरळीत चालले, तर दोष त्या अ‍ॅपांपैकी एखाद्यात आहे हे सिद्ध होते. व्याकरणात एकेक घटक वगळून वाक्याची कसोटी घेतात, तशीच ही रीत आहे. मात्र दोषी अ‍ॅप सापडल्यावर दोन पर्याय शेजारीशेजारी दिसतात, त्यांत गल्लत होऊ देऊ नये. 'क्लिअर कॅश' याने त्या अ‍ॅपाची तात्पुरती टाचणे जातात. 'क्लिअर स्टोरेज' याने त्या अ‍ॅपाने स्वतःजवळ ठेवलेले सर्व काही जाते. मुद्रणाचे अ‍ॅप आपल्या फाइली स्वतःच्या खाजगी जागेत ठेवीत असेल, तर ते अ‍ॅप काढून टाकल्यानेही त्या फाइली नष्ट होतात.

६. सेटिंग्जची पूर्वस्थापना

तिसऱ्या क्रियेने केवळ दुसरा थर मूळपदाला येतो. आयपॅडमध्ये 'सेटिंग्ज', 'जनरल' व 'ट्रान्स्फर ऑर रीसेट आयपॅड' या वाटेने गेल्यावर 'रीसेट' या शीर्षकाखाली जाळ्याची, कळफलकाच्या शब्दकोशाची, पडद्यावरील मांडणीची किंवा सर्वच सेटिंग्जची पूर्वस्थापना स्वतंत्रपणे करता येते. अँड्रॉइडमध्ये वाय-फाय व ब्लूटूथ यांची आणि अ‍ॅपविषयक पसंतीची अशी वेगळी पूर्वस्थापना 'सिस्टीम' या भागात बहुधा मिळते. ध्वनिमुद्रणे व टिपणे यांना तिचा स्पर्श होत नाही.

बोलीच्या अभ्यासकाने यातील कळफलकाच्या शब्दकोशाकडे मात्र लक्ष द्यावे. यंत्राने सुचविलेले 'शुद्ध' रूप पुनःपुन्हा नाकारून जी बोलीरूपे त्याच्या अंगवळणी पाडली, ती या क्रियेने विस्मृतीत जातात. सामग्रीचा नाश नसला तरी श्रमांचा आहे.

७. संपूर्ण पूर्वस्थापना : किल्लीचा नाश

चौथी क्रिया 'फॅक्टरी रीसेट' या नावाने ओळखली जाते. हिने पहिले तिन्ही थर पुसले जातात. नावावरून यंत्र कारखान्यातून निघाले त्या स्थितीला जाते असा समज होतो. परंतु तोही पुरता खरा नाही. कार्यप्रणालीची जी नवी आवृत्ती मध्यंतरी घेतली असेल ती तशीच राहते. अर्थात एखाद्या अपडेटनंतर यंत्र मंदावले, म्हणून जुनी आवृत्ती परत मिळावी या आशेने ही क्रिया करणे व्यर्थ होय. पूर्वस्थिती कोणती, हा प्रश्न येथेही विचारावा लागतो, तो यासाठी.

दुसरा समज अधिक घातक आहे. 'पुसलेले तज्ज्ञाकडून परत मिळते' असे अनेकांना वाटते, आणि या समजाला इतिहासाचा आधारही आहे. जुन्या संगणकांवर फाइल पुसली म्हणजे बहुधा तिची सूचीतील नोंद तेवढी काढली जाई. मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तबकडीवर तसाच राही, व जाणता मनुष्य तो वाचू शके. आजच्या टॅब्लेटमध्ये तसे नाही. त्यात प्रत्येक फाइल सांकेतिक रूपात लिहिली जाते आणि ती उलगडण्याची किल्ली यंत्राच्या आतच राखलेली असते. अ‍ॅपलच्या यंत्रांत ही व्यवस्था जुनी आहे. अँड्रॉइडच्या बाबतीत २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून, त्या आवृत्तीसह बाजारात येणाऱ्या सर्व नव्या यंत्रांना ती सक्तीची झाली. संपूर्ण पूर्वस्थापनेत यंत्राला सगळी साठवण खरवडून काढण्याची गरज उरत नाही. ते किल्ली नष्ट करते. म्हणूनच कित्येक जीबी सामग्री थोड्या मिनिटांत 'पुसली' जाते. सांकेतिक अक्षरांचा ढीग काही काळ मागे राहिला, तरी तो वाचण्याचे साधन जगात कोठेही उरत नाही. अज्ञात लिपीतील शिलालेख पुढेमागे उलगडण्याची आशा असते, कारण त्यामागे एक भाषा असते व तिच्या रचनेला नियम असतात. येथे हेतुपुरस्सर सर्व नियमितता लपविलेली असते.

या दृष्टीने पाहता यंत्रावरील शब्दयोजनेत झालेला एक बदल स्वागतार्ह आहे. आयपॅडवर या क्रियेचे नाव 'रीसेट' नसून 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' असे आहे, आणि अँड्रॉइडमध्येही 'इरेज ऑल डेटा' हे शब्द आरंभी येतात. प्रत्यावर्तनाच्या शब्दाऐवजी विनाशाचा शब्द योजल्याने वापरणारा सावध होतो. मराठीत सल्ला देतानाही 'रीसेट करा' याऐवजी 'सर्व पुसा' असे म्हणण्याचे धैर्य दाखविले, तर पुष्कळ अनर्थ टळतील.

८. प्रतीसंबंधी दक्षता

चौथ्या क्रियेपूर्वी सामग्रीची प्रत काढावी, हे सर्वजण सांगतात. प्रत कशाला म्हणावे हे मात्र क्वचित सांगितले जाते. यंत्राच्या स्वयंचलित प्रतिसंग्रहावर विसंबणे पुरेसे नाही. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपांच्या खाजगी माहितीचा जो स्वयंचलित संग्रह होतो, त्याची मर्यादा प्रत्येक अ‍ॅपमागे २५ एमबी आहे. वर दिलेल्या हिशेबाने ते मुद्रण दीड मिनिटाचेही भरत नाही. अ‍ॅपलच्या आयक्लाउडमध्ये विनामूल्य जागा ५ जीबी असते. म्हणजे पाच तासांहून थोडी कमी.

शिवाय 'सिंक' आणि प्रत यांतील भेद ओळखला पाहिजे. सिंक करणारी सेवा दोन ठिकाणचा मजकूर सारखा राखते. एका ठिकाणी हाताने पुसलेले दुसऱ्या ठिकाणीही पुसले जाते. म्हणून यंत्र दुसऱ्यास देण्यापूर्वी त्यातील छायाचित्रे एकेक करून पुसत बसू नये. प्रत घेऊन संपूर्ण पूर्वस्थापनाच करावी. मेमरी कार्डाविषयीही एक अपवाद आहे. साधे कार्ड संपूर्ण पूर्वस्थापनेत बहुधा शाबूत राहते. परंतु २०१५ च्या सहाव्या अँड्रॉइडपासून काही यंत्रांत कार्ड अंतर्गत साठवणीचाच भाग करून घेण्याची सोय आली. तसे केले असल्यास कार्डाची किल्लीही यंत्रातच असते, आणि तिच्याबरोबर कार्डावरील सामग्रीही जाते.

तात्पर्य, फाइली संगणकावर उतरवून घ्याव्यात, दोन्हीकडील संख्या व आकार ताडून पाहावेत आणि काही फाइली आरंभी व शेवटी ऐकून खात्री करावी. इतके झाल्यावाचून चौथी क्रिया करू नये.

यंत्र पडदा उघडण्यापर्यंतही पोचत नसेल, तर प्रत कशी काढावी? आयपॅड संगणकाला जोडून 'रिकव्हरी मोड'मध्ये नेला असता संगणक दोन पर्याय देतो : 'अपडेट' व 'रिस्टोअर'. यातील 'अपडेट' कार्यप्रणाली नव्याने बसविते व सामग्री राखण्याचा प्रयत्न करते. 'रिस्टोअर' सर्व पुसते. मराठी कानाला 'रिस्टोअर' म्हणजे गमावलेले परत मिळणे असे वाटते, हा येथील सापळा. प्रथम 'अपडेट' निवडावे. अँड्रॉइडच्या रिकव्हरी सूचीतही आधी 'रीबूट सिस्टीम नाऊ' हा पर्याय वापरावा. 'वाइप डेटा' म्हणजे चौथी क्रियाच होय.

९. खात्याचे कुलूप

विभागाच्या मालकीच्या यंत्रांसंबंधी आणखी एक बाब ध्यानी ठेवली पाहिजे. चोरीला आळा बसावा म्हणून अ‍ॅपलने २०१३ मध्ये व अँड्रॉइडने २०१५ मध्ये अशी योजना आणली, की पुसलेले यंत्र पुन्हा सुरू करताना पूर्वीच्या खात्याचा पासवर्ड मागितला जातो. संशोधक विद्यार्थ्याने स्वतःचे खाते टॅब्लेटवर घातले, प्रबंध सादर करून तो निघून गेला आणि मागाहून कोणी बटणांच्या साहाय्याने यंत्र पुसले, तर ते विभागाला निरुपयोगी ठरते. यासाठी यंत्र परत घेतानाच त्या विद्यार्थ्याकडून त्याचे खाते काढवून घ्यावे आणि मग सेटिंग्जमधूनच पूर्वस्थापना करावी. ग्रंथालयाचे पुस्तक परत घेताना जशी नोंद केली जाते, तशी या गोष्टीचीही नोंद असावी.

१०. उपसंहार

वरील विवेचनावरून क्रम आपोआपच निश्चित होतो : प्रथम वीज व चार्जर यांची तपासणी, मग साधा पुनरारंभ, पडदा गोठला असल्यास सक्तीचा, त्यानंतर जागा व अ‍ॅपे यांची चौकशी, मग सेटिंग्जची पूर्वस्थापना, आणि पडताळलेली प्रत हाती असेल तरच सर्व पुसणे. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीपेक्षा अधिक काही पणाला लागते, म्हणून पायरी गाळणे इष्ट नाही. पडद्याची काच, बॅटरी किंवा आतील जोडणी यांचा दोष यांपैकी कोणत्याही क्रियेने जात नाही, हेही सांगितले पाहिजे. तेथे दुरुस्ती करणाराच हवा, आणि त्याच्या हाती यंत्र देण्यापूर्वी 'पुसू नका' हे स्पष्ट सांगावयास हवे.

'परत' या शब्दाचे दोन अर्थ येथे केवळ कोशातले राहत नाहीत. संपूर्ण पूर्वस्थापनेत नष्ट झालेले मुद्रण परत करता येते, ते आवृत्तीच्या अर्थाने : अभ्यासक त्या गावी पुन्हा जाईल, तीच शब्दसूची पुन्हा वाचील. परंतु वृद्ध निवेदकाने त्या दिवशी सांगितलेली हकीकत, त्या ओघात सहज आलेले एखादे लोपत चाललेले रूप, प्रत्यावर्तनाच्या अर्थाने परत येत नाही. कधीकधी तो निवेदकही उरलेला नसतो. तेव्हा 'रीसेट' हा शब्द कानी पडताच कोणती पूर्वस्थिती अभिप्रेत आहे आणि तिच्यासाठी काय टाकावे लागेल, हे विचारून घेणे हा भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने सामग्रीच्या रक्षणाचाच एक भाग होय.